बोलकी पुस्तकं, आवाज बंद

आमच्या बालवर्गात बोलकी पुस्तकं आली त्या दिवशी मोठ्या बाईंनी दारात फक्त बँड लावायचा बाकी ठेवला होता. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. उंचीने त्या माझ्या खांद्याला लागतात, पण मोठेपण काही उंचीवर नसतं, खुर्चीवर असतं, आणि त्यांची खुर्ची फिरते. आम्हा बायांच्या खुर्च्यांना मुळात चार पाय असले तरी आम्ही समाधानी असतो.

पुस्तकं म्हणजे खरं तर टॅब. कागद नाही, वास नाही, कोपरे दुमडायची सोय नाही. कंपनीने एक तरुण प्रशिक्षकही पाठवला होता. तो दर वाक्यात एकदा तरी ‘टच करा’ म्हणायचा, म्हणून मुलांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं ‘टचवाले सर’ असं करून टाकलं. त्याने आम्हाला मुलांच्या बुटक्या बाकांवर बसवलं आणि प्रात्यक्षिक दाखवलं. पडद्यावर तळं होतं, तळ्यात होडी, काठावर झाड, झाडावर घुबड. होडीला बोट लावलं की एक गोड आवाज म्हणायचा, ‘होडी!’ पुन्हा लावलं की, ‘होडी पाण्यावर तरंगते!’ पान संपलं की परीक्षा. तीन चित्रं यायची आणि तोच गोड आवाज विचारायचा, ‘होडी कुठे आहे?’ बरोबर चित्राला बोट लावलं की एक चांदणी मिळायची आणि ससा नाचायचा.

चित्रं सुरेख होती, ते नाकारत नाही. घुबडाचे डोळे तर अगदी मोठ्या बाईंवर गेले होते.

“आणि मुलाला नाही आलं तर?” मी विचारलं.

“मूल थांबलं ना मॅडम, की बरोबर चित्र हळूच थरथरतं. अगदी जरासं. मुलाचा आत्मविश्वास ढळता कामा नये.”

“म्हणजे पुस्तकच कॉपी पुरवतं.”

“मदत, मॅडम. आम्ही त्याला मदत म्हणतो.”

“मदत घेतली तर चांदणी अर्धी?”

“छे छे, पूर्ण.”

मोठ्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बाकी प्रश्न गिळले. दोन तरी जड होते.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाच्या हातात एकदम टॅब दिले. कल्पना करा. एका कोपऱ्यात होडी तरंगतेय, दुसऱ्यात घुबड जागतंय, मधे कोणीतरी कुलपाला बोट लावून लावून ‘कुलूप! कुलूप! कुलूप!’ असं त्याचं डोकं फिरवतंय, आणि या सगळ्यावर ससे नाचताहेत. फरशीच्या खोलीत तो गलका घुमत होता. मोठ्या बाईंची खोली भिंतीपलीकडेच आहे. त्या दारात आल्या तेव्हा त्यांच्या हातात फोन होता आणि फोनवर कोणीतरी प्रवेशाची चौकशी करणारं, म्हणजे अत्यंत महत्त्वाचं माणूस होतं.

“हा काय बाजार मांडलाय?”

“बाजार नाही बाई, शब्दसंपत्ती आहे,” मी म्हटलं.

दुपारपर्यंत हुकूम निघाला: सर्व टॅब आवाज बंद ठेवून वापरावेत. टचवाले सरांनी तत्परतेने आवाजाला एक गुप्त आकडा घालून कुलूप लावलं, म्हणजे मुलांची बोटं, आणि विशेषतः माझी, तिकडे वळू नयेत. कानाला लावायची यंत्रं, म्हणजे हेडफोन, मागवली होती ती नंतर आली. ती मोठ्यांच्या मापाची निघाली. एका मुलाच्या डोक्यावर चढवलं तर ते सरकून थेट गळ्यात, एखाद्या पराक्रमाबद्दल हार घातल्यासारखं. ती सगळी कपाटात गेली.

“अहो, पण आवाज नाही तर मुलं शब्द शिकणार कशी?” मी टचवाले सरांना विचारलं. “चित्राखाली नाव लिहिलंय, पण चार वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही. येत असतं तर तुम्हाला बोलावलं असतं कशाला?”

“सिस्टीमला काही फरक पडत नाही, मॅडम. चांदण्या व्यवस्थित नोंदल्या जातायत.”

अशी आमची बोलकी पुस्तकं वाचा बसल्यासारखी काम करू लागली. शब्द शिकवणाऱ्या पुस्तकातून, शब्द सोडून बाकी सगळं मुलांपर्यंत पोचत होतं. मुलं काही तुमच्या-माझ्यासारखी मूर्ख नसतात. दोन-चार दिवसांत त्यांनी ओळखलं की या खेळात करायचं काहीच नाही. तीन चित्रं आली की गप्प बसायचं. जे हलेल त्याला बोट लावायचं. ससा नाचतो. वर्ग इतका शांत मी जन्मात पाहिला नव्हता, आणि मोठ्या बाई जाता-येता दारातून डोकावून त्या शांततेला शिक्षण म्हणत होत्या.

या शांत वर्गात पहिली कोण आली, तर भिंगरी.

भिंगरी हे तिचं घरचं नाव. एका जागी ठरायची नाही म्हणून आईने ठेवलेलं, आणि आम्हीही तेच उचललं. वर्षाच्या सुरुवातीला ती आली तेव्हा इतर मुलं आल्या आल्या मला आपल्या घरातली सगळी भांडणं सांगून मोकळी झाली. भिंगरी काहीच बोलली नाही. ‘आ’, ‘बा’ असे दोन-तीन उद्गार, बाकी सगळं हसून, ओढून, बोट दाखवून. लाजरी पोरं असतात, त्यात नवल नाही. पण लाजरं मूल खाली बघतं. ही समोर बघायची, आणि तेही डोळ्यांत नाही, थेट माझ्या तोंडाकडे. मी फळ्याकडे वळले की ती गोंधळायची. बडबडगीताला सगळी मुलं हात उडवायची तेव्हा हीसुद्धा उडवायची, अगदी उत्साहाने, फक्त सगळ्यांच्या नंतर. इतकं थोडं नंतर, की कोणाच्या लक्षात येऊ नये.

माझ्या लक्षात आलं. मी खडूस आहे, आंधळी नाही.

भिंगरीची आई जवळच पार्लर चालवते. कात्री, कंगवा, तासन्‌तास उभं राहणं, आणि वर गिऱ्हाइकाच्या सासूबद्दलची तक्रार ऐकून घेणं. बाबा जहाजावर असतात, महिनोन्‌महिने. तिला मी फाटकाशी गाठून सांगितलं, की एकदा भिंगरीचे कान दाखवून आणा. तिचा चेहरा उतरला. पण शहाणी बाई, तिने वाद घातला नाही. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. ती बरीच पुढची मिळाली, कारण त्या डॉक्टरांकडे म्हणे खूप गर्दी असते. मी सुटकेचा श्वास टाकला आणि वाट बघत बसले.

आणि मधेच ही पुस्तकं उगवली.

पुस्तकं रोज संध्याकाळी पालकांच्या फोनवर निरोप धाडायची: आपल्या पाल्याने आज अमुक इतके शब्द आत्मसात केले, वर्गात अमुक क्रमांक. त्या निरोपांनी पालकांना वेड लावलं. एका मुलाचे वडील फाटकात मला अडवून विचारायचे, शेजारच्या घरातलं कार्टं आमच्या पोराच्या पुढे गेलंच कसं? मी म्हटलं, त्याला घाई कमी असेल. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मी तंतोतंत खरं सांगत होते. थरथर दिसेपर्यंत ज्याला दम धरवतो तो या परीक्षेत पुढे, आणि ती थरथर सगळ्यांत आधी टिपायची ती भिंगरी. तिचा सगळा संसारच डोळ्यांवर चालायचा. इतर मुलांना चित्र हललं की नाही अशी शंका येते न येते, तोवर हिचा ससा नाचून झालेला असायचा.

एके दिवशी शाळा सुटताना भिंगरीची आई स्वतःहून माझ्याकडे आली. नव्याने केस केलेल्या बाईसारखी खुलली होती.

“बाई, ते डॉक्टरांचं मी रद्द केलं.”

“का?”

“अहो, पहिली येतेय ती! रोज! एवढे शब्द कळतात म्हणजे ऐकू येत असणारच ना? हिच्या बाबांना मी पाठवते सगळं. त्यांनी जहाजावर कॅप्टनला दाखवलं.”

“आवाज बंद असतो त्या टॅबचा.”

“सर म्हणाले, त्याने काही फरक पडत नाही.”

“सरांना नाही पडत. तिला पडतो. परवा मैदानात ती एकटी होती, तेव्हा मी मागून तीनदा हाक मारली. वळली नाही.”

“रंगली असेल. घरीसुद्धा रंगात असली की बघत नाही. आणि इतकी गुणाची आहे बाई, पार्लरमध्ये ड्रायर चालू असतो, त्याच्या शेजारी गाढ झोपते. मला कधी त्रास नाही तिचा.”

तिने ते कौतुकाने सांगितलं.

“एकदा दाखवून आणा. काही नसलं तर मला चार शिव्या द्या.”

तिचा आवाज बदलला. “बाई, राग मानू नका. पण आधी तुम्ही म्हणालात ती बोलत नाही. आता ती सगळ्यांच्या पुढे गेली तरी तुमचं तेच. तुम्हाला हे टॅब आवडत नाहीत हे सगळ्या पालकांना माहीत आहे. त्याचा राग माझ्या मुलीवर कशाला?”

ते लागलं. लागायचं कारण असं, की त्यातलं निम्मं खरं होतं. मला टॅब आवडत नव्हतेच. मला पांढरा फळा आला तेव्हा तो आवडला नव्हता, नवी घंटा आली तेव्हा तिचा सूर आवडला नव्हता, आणि मी दर वेळी ते सगळ्या शाळेला ऐकवलं होतं. ज्या बाईने घंटेलासुद्धा नावं ठेवली, तिने आता खरोखर आग लागल्याची बोंब मारली तरी लोक म्हणणार, हिचं रोजचंच आहे.

तरीही मी मोठ्या बाईंकडे गेले. त्या फिरत्या खुर्चीत होत्या.

“तुमचं म्हणणं काय, की वर्गातल्या पहिल्या मुलीला ऐकू येत नाही?”

“म्हणूनच ती पहिली आहे.”

त्यांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि पुन्हा माझ्याकडे आणली. “अहो, हे बोलताना तुम्हाला स्वतःला ऐकू येतंय का?”

“वर्गात चला. दाखवते.”

आल्या बिचाऱ्या. मुलं भिंतीकडे तोंड करून चिकटवलेल्या मोठ्या कागदावर रंगवत होती. मी डब्यांच्या टेबलावरचं मोठं झाकण उचललं, भिंगरीच्या पाठीमागे गेले आणि ते फरशीवर सोडून दिलं. असा दणका झाला की मोठ्या बाईंचा चष्मा नाकावरून घसरला. सगळी मुलं गर्रकन वळली. आणि भिंगरीही वळली. केसाइतक्या उशिराने, पण वळली, आणि झाकण बघून खळखळून हसली.

“वळली की,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“बाकीची वळली म्हणून वळली!”

“बाकीची कशी वळली?”

“त्यांना ऐकू आलं म्हणून.”

“मग हिलाही आलं.”

या तर्कापुढे मी हात टेकले. मी म्हटलं, तिला एकटीला बसवून बघू. त्यावर मोठ्या बाईंनी ठणकावून सांगितलं, की या शाळेत मुलांवर प्रयोग करायला परवानगी नाही. त्या वेळी सगळ्या वर्गाच्या बाकांवर टॅब मांडलेले होते.

“आणि ऐका,” त्या दारातून म्हणाल्या, “पालक मेळाव्यात तीच प्रात्यक्षिक देणार आहे. कंपनीचे साहेब येणार आहेत, कॅमेरा येणार आहे. तोवर पोरीच्या डोक्याजवळ भांडी आपटू नका.”

मेळाव्याच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मागे पालक, पुढे फरशीवर मुलं, मंचावर एक बुटकं टेबल, टेबलावर टॅब, आणि मागच्या पडद्यावर टॅबमधलं सगळं मोठं दिसायची सोय. दोन्ही बाजूंना माझ्या उंचीचे स्पीकर. टचवाले सर आज कोट घालून आले होते. भिंगरीची आई दुसऱ्या रांगेत होती. फोन समोर धरून चित्रण करत होती, बाबांना पाठवायला.

मी मंचामागे टचवाले सरांना गाठलं. “आज आवाज चालू?”

“अर्थात मॅडम, साहेब आलेत.”

“आणि ते थरथरणं?”

ते डोळा मारून हसले. “बंद ठेवलंय. लोकांना वाटायला नको, पुस्तकच उत्तर सांगतंय.”

“तिला बसवू नका. दुसरं कोणीही बसवा. पाया पडते.”

“मॅडम, डेटा बोलतो,” ते म्हणाले, आणि माइक उचलून निघून गेले.

खरं सांगते, मला त्या क्षणी दोन गोष्टी एकदम वाटल्या. आपलं म्हणणं एकदाचं चारचौघांत खरं ठरावं, आणि देवा, खोटं ठरावं.

भिंगरी टेबलाशी येऊन बसली. दोन वेण्या, त्याही आईच्या हातच्या, म्हणजे एक केस इकडचा तिकडे नाही. तीन चित्रं आली. स्पीकरमधून तो गोड आवाज सभागृहभर घुमला: ‘घुबड कुठे आहे?’

भिंगरी थांबली. शिकवलेलं काम ती मन लावून करत होती. हलेल ते बघत होती.

काही हललं नाही. ‘घुबड कुठे आहे?’ आवाजाने पुन्हा विचारलं. भिंगरीने सरांकडे पाहिलं. सर हसले, म्हणून तीही हसली. मग तिने खाली बसलेल्या मुलांकडे पाहिलं. मुलांना काय, त्यांनी पडद्याकडे हात करकरून ‘ते! ते! घुबड!’ असा कालवा केला. घुबड त्यांना माझ्या भिंतीवरच्या चित्रामुळे माहीत होतं, पण श्रेय कोण विचारतो. भिंगरीने त्यांचे हात कुठे जातायत ते पाहिलं, क्षणात ताळा केला आणि घुबडाला बोट लावलं.

ससा नाचला. टाळ्यांचा कडकडाट. कंपनीच्या साहेबांनी मोठ्या बाईंकडे मान डोलावली आणि मोठ्या बाई तेवढ्यापुरत्या उंच झाल्या.

मीही टाळ्या वाजवल्या. त्या टॅबसाठी नाही. आंधळ्या कोशिंबिरीत ज्याचे डोळे बांधलेत त्याने प्रत्येक वेळी बरोबर गडी पकडावा, तसं ते पोर इतके महिने आम्हा सगळ्यांना पकडत होतं.

“आता कोणी सांगायचं नाही हं,” सर माइकमध्ये म्हणाले. “भिंगरी स्वतः सांगणार.” आणि तिच्या जवळ जायला म्हणून ते माइक घेऊन नेमके स्पीकरच्या तोंडासमोर आले.

तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी ऐकली असेल ती किंकाळी. माइक आणि स्पीकर एकमेकांसमोर आले की उठते ती, सुईसारखी, दात आंबवणारी. पण इतकी मोठी मी कधी ऐकली नव्हती. सबंध सभागृहाने कानांवर हात दाबले. पालकांनी, साहेबांनी, कॅमेरावाल्याने, मोठ्या बाईंनी. खालची मुलं तोंडं वाकडी करून कान झाकून दुमडली. सर माइकचं बटण शोधत होते आणि ते काही केल्या सापडत नव्हतं.

भिंगरी स्पीकरच्या सगळ्यांत जवळ होती. ती टॅबकडे बघत बसली होती. काही हलत नाही म्हणून तिने मान वर केली. बघते तर काय, सगळी माणसं कानांवर हात ठेवून बसलेली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग तिचा चेहरा उजळला. अच्छा, असा खेळ आहे होय! तिने आपले दोन्ही हात कानांवर नेऊन ठेवले आणि आईकडे बघून हसली.

तोवर किंकाळी थांबली होती. बाकी सगळ्यांचे हात खाली आले होते.

दुसऱ्या रांगेत खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. भिंगरीची आई उठली. मंचावर गेली, काही न बोलता पोरीला उचललं आणि बाजूच्या दाराने बाहेर पडली. टचवाले सर म्हणाले, “किरकोळ तांत्रिक अडचण आहे,” आणि त्यांनी दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाला वर बोलावलं. मी आईच्या मागे गेले.

व्हरांड्यात ती भिंतीला टेकून उभी होती. मी जवळ गेले तर तिने हात वर केला. “काही बोलू नका, बाई.”

मी बोलले नाही. हे माझ्या बाबतीत किती कठीण आहे ते शाळेत कोणालाही विचारा.

थोड्या वेळाने तिने भिंगरीला कठड्यापाशी उभं केलं. बाहेर माळी नळीने पाणी घालत होता, भिंगरी कठड्याला नाक लावून ते बघू लागली. आई चार पावलं मागे आली.

“तुम्ही हाक मारा. माझा आवाज ओळखून मुद्दाम बघत नसेल.”

“भिंगरे!” मी म्हटलं.

भिंगरी पाणी बघत होती. मी पुन्हा मारली, मोठ्याने. मग आईने मारली. आधी हळू, घरात मारतात तशी. मग जोरात. मग अशी, की व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाचा शिपाई वळला, बाहेरचा माळी वळला. आतून, सभागृहातून, त्याच वेळी एका मुलाचा खणखणीत आवाज आला, “सर, चित्र हलतच नाहीये! हलल्याशिवाय कसं सांगू?” आणि सगळे पालक पोट धरून हसले.

आई पुढे गेली आणि तिने भिंगरीच्या खांद्यावर हात ठेवला. भिंगरी वळली, आई दिसताच हसली. “आ,” ती म्हणाली.

“मी तिला रोज गोष्ट सांगते, बाई,” आई म्हणाली. “पार्लर बंद करून कितीही दमून आले तरी. एकही रात्र चुकवली नाही. बाबांच्या जहाजाची, समुद्राची. दिवा बंद करून सांगते.”

मग म्हणाली, “अंधारात ती डोळे मिटायची. मला वाटायचं, ऐकता ऐकता झोपली.”

मला रडू आलं. सरळ आलं, कोणावर राग काढून ते लपवावं एवढंही सुचलं नाही. राग नंतर आला, आणि तो पुरेसा आला, मोठ्या बाईंना अजून आठवत असेल. पण त्या वेळी मी फक्त विचारलं, “गोष्ट सांगताना हात असायचा ना तुमचा तिच्या अंगावर?”

“असायचा.”

“मग तो कळत असणार.”

तिने पदराने तोंड पुसलं, फोन काढला आणि डॉक्टरांचा नंबर लावला. पलीकडून कोणीतरी ताटकळत ठेवलं असावं. ती भिंगरीसमोर गुडघ्यांवर बसली. भिंगरीने नेहमीप्रमाणे नजर आईच्या तोंडावर लावली. आता पलीकडचं माणूस आलं आणि त्याने विचारलं असावं, काय तक्रार आहे.

“माझ्या मुलीला ऐकू येत नाही,” आई म्हणाली. हे वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, आणि उच्चारताना ती हसत होती, कारण भिंगरी तिच्या तोंडाकडे बघत होती.